बिनक्लचच्या गाडीने गिरकी घेतली तर?

सणासुदीच्या दिवसांत रायपूरच्या पंडरी भागातून मोटार काढणे म्हणजे डाव्या पायाची परीक्षाच! कापडबाजारात खरेदीला आलेली कुटुंबे, गठ्ठे लादलेल्या हातगाड्या, मध्येच वळणाऱ्या रिक्षा. चार हात पुढे जा, थांबा, पुन्हा चार हात पुढे जा. दर वेळी क्लच दाबायचा, सोडायचा. तासाभरात गुडघा बोलू लागतो. म्हणूनच फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीने 'सेलेरियो' ही गाडी स्वयंचलित गिअर बदलणाऱ्या यंत्रणेसह बाजारात आणली, तेव्हा मध्यमवर्गीय घरांना ती एकदम पसंत पडली. गिअरबॉक्स नेहमीचाच, मात्र क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम संगणकाच्या हुकमाने यंत्र करते. हीच ती 'एएमटी' पद्धत. पायाखाली दोनच पेडल : ॲक्सिलरेटर आणि ब्रेक. आजोबांना जमते, नव्याने शिकलेल्या सूनबाईंनाही जमते.

पण हीच गाडी दिवाळीला किंवा लग्नकार्याला नागपूरला निघते. दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असा सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता. रायपुरातल्या कितीतरी मराठी घरांचे सासर नाहीतर माहेर या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असते. अवकाळी पावसाची सर येते, रस्त्यावरचे तेल व धूळ पाण्याबरोबर वर येऊन डांबर साबणासारखे निसरडे होते आणि एखाद्या वळणावर गाडीचा मागचा भाग अचानक बाजूला सरकू लागतो. वीस वर्षे क्लचची गाडी चालवलेला माणूस अशा वेळी काय करतो? विचार करायला वेळच नसतो. डावा पाय आपोआप खाली जाऊन क्लच शोधतो आणि तिथे त्याला सापडते ब्रेकचे रुंद पेडल! क्लचवर द्यायचा तेवढा जोर त्याच्यावर बसतो, तोही नेमका नको त्या क्षणी.

या प्रसंगाचा सर्वांत बारकाईने विचार केला आहे तो शर्यतीच्या ट्रॅकवर. तिथे गाडी गरकन फिरणे ही रोजचीच गोष्ट. चालक हद्द शोधत असतो आणि हद्द ओलांडल्याशिवाय ती कुठे आहे हे कळत नाही.

दोन्ही पाय खाली

ट्रॅकवर नव्या शिकाऊ चालकाला पहिल्याच दिवशी एक नियम घोकून घ्यावा लागतो : गाडी हातातून पुरती गेली, की दोन्ही पाय खाली. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर, आणि गाडी थांबेपर्यंत दोन्ही तिथेच.

यातल्या प्रत्येक पायाला कारण आहे. क्लच दाबला की इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो. चाके अडली किंवा उलटी फिरली तरी इंजिन बंद पडत नाही आणि गाडी थांबताच पुन्हा निघता येते. ब्रेकचे कारण जरा वेगळे आहे. गिरकी घेणाऱ्या गाडीची चाके पूर्ण अडवली, तर ती फिरत असली तरी साधारण एकाच दिशेने घसरत जाते. मागून येणारा चालक ती रेषा ओळखून बगल देऊ शकतो. पण मध्येच घाबरून ब्रेक सोडला, तर चाकांना एकदम पकड मिळते आणि त्या क्षणी गाडीचे तोंड जिकडे असेल तिकडे ती बाणासारखी सुटते. तो 'तिकडे' म्हणजे कठडा असेल, नाहीतर मागून येणारी दुसरी गाडी! म्हणून गाडी थांबल्याशिवाय ब्रेक सोडायचा नाही.

आता क्लचचे पेडलच नसेल तर या नियमाचा अर्धा भाग गळाला. उरला फक्त उजवा पाय. मग इंजिनाचे काय होते?

ते गिअरबॉक्सच्या जातीवर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेले एक भांडे असते. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. तसेच इथे तेलाच्या जोरावर चालते. दुसरा पंखा हाताने धरून ठेवला तरी पहिला फिरतच राहतो ना? त्याचप्रमाणे ब्रेक करकचून दाबून चाके अडवली, तरी इंजिन बहुधा सुरूच राहते. अशा गाडीला क्लच नसल्याचे फारसे दुःख नाही.

एएमटी किंवा दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गाडीत मात्र खराखुरा क्लच असतो. फक्त तो दाबणारा पाय आपला नसून संगणकाचा असतो. चाकांचा वेग एकदम उतरला की संगणकाने क्लच ताबडतोब सोडवायचा असतो. बहुतेक वेळा तो सोडवतोही. पण गाडी आडवी-उलटी घसरत असेल तर चाकांवरच्या संवेदकांकडून येणारी माहिती गोंधळाची असते. चाक सुलटे फिरते आहे की उलटे, हे सगळ्याच गाड्यांना कळते असे नाही. तेव्हा अशा गाडीचे इंजिन गिरकीत बंद पडले तर नवल मानू नये, आणि घाबरूही नये.

इंजिन बंद पडले तरी ब्रेक लगेच जात नाही. ब्रेकला मदत करणारी हवेची पोकळी एक-दोन दाबांपुरती शिल्लक असते. म्हणूनच ब्रेक एकदाच पूर्ण दाबून धरून ठेवायचा. दाब-सोड, दाब-सोड केली तर ती शिल्लक संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. शिवाय भारतात २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. जुन्या चालकांना शिकवलेली 'ब्रेक पंप करण्याची' युक्ती ती यंत्रणा आपणहून, आणि माणसापेक्षा कितीतरी वेगाने करते. पायाखाली पेडल थरथरते, घरघर आवाज येतो. अनेकजण त्यालाच बिचकून पाय उचलतात. ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करते आहे, एवढेच.

फेरारीची क्लृप्ती

क्लचचे पेडल पायाखालून काढून घेण्याचा प्रयोग शर्यतीच्या जगात गाजला तो २६ मार्च १९८९ रोजी, ब्राझीलमध्ये. जॉन बर्नार्ड या अभियंत्याने रचलेल्या फेरारीत गिअरचा दांडाच नव्हता. स्टिअरिंगच्या मागे दोन पाती होती. एक ओढले की वरचा गिअर, दुसरे ओढले की खालचा. क्लचचे पेडल होते, पण ते फक्त गाडी सुरुवातीला हलवण्यापुरते. सरावात ही यंत्रणा इतकी दगा देत होती की गाडी शर्यत पुरी करील अशी आशा कोणाला नव्हती. तरीही नायजेल मॅन्सेलने ती शर्यत जिंकली, आणि काही वर्षांतच फॉर्म्युला वनमधल्या सगळ्यांनी गिअरचा दांडा मोडीत काढला.

पण संगणकाच्या हाती क्लच देण्याची किंमतही याच मॅन्सेलला चुकवावी लागली. २ जून १९९१ रोजी कॅनडात तो विल्यम्स गाडीतून शेवटच्या फेरीत आघाडीवर होता. मागचा स्पर्धक बराच दूर. शेवटच्या काही वळणांपैकी एका तीव्र वळणावर गाडीचा वेग उतरला, गिअर लागेना, इंजिन बंद पडले आणि गाडी उभी राहिली. नेल्सन पिकेने शर्यत जिंकली. प्रेक्षकांना हात हलवून दाखवण्याच्या नादात त्याने इंजिनाचे फेरे फार खाली जाऊ दिले, असे तेव्हापासून बोलले जाते. मॅन्सेलला ते मान्य नव्हते. खरे काहीही असो, यंत्राला काय हवे आहे ते चालकाला ठाऊक नसेल तर विजयाच्या उंबरठ्यावरही गाडी उभी राहू शकते.

यावर पुढे उपाय निघाला. इंजिनाचे फेरे ठराविक मर्यादेखाली गेले की संगणक स्वतःच क्लच सोडवतो. त्याचा उपयोग काय, हे २५ नोव्हेंबर २०१२ रोजी ब्राझीलमध्येच दिसले. विश्वविजेतेपदाची ती शेवटची शर्यत. पहिल्याच फेरीत सेबास्टियन व्हेटेलच्या गाडीला ब्रूनो सेनाची गाडी धडकली. व्हेटेलची गाडी गिरकी घेऊन उलट्या तोंडाने झाली आणि समोरून इतर गाड्या अंगावर येऊ लागल्या. पण इंजिन चालू होते. तो सर्वांत मागून पुन्हा निघाला, सहावा आला आणि अवघ्या ३ गुणांनी अलोन्सोला मागे टाकून विश्वविजेता झाला. त्या दोन-चार सेकंदांत इंजिन बंद पडले असते, तर ते विजेतेपद गेलेच होते.

मराठी मुलखात या खेळाचे वेड पाहायचे तर कोल्हापूर गाठावे. कुस्तीचा आखाडा आणि तांबडा-पांढरा रस्सा यांच्या जोडीला तिथे मोटारशर्यतही आहे. गावाजवळच मोहिते मंडळींचा ट्रॅक आहे. ध्रुव मोहिते याने फोक्सवॅगनच्या देशी शर्यतमालिकेत भाग घेतला, तर कृष्णराज महाडिक ब्रिटनमधल्या फॉर्म्युला थ्री शर्यतींपर्यंत पोहोचला. आज अशा स्पर्धांमधल्या गाड्यांत स्टिअरिंगमागची पाती हीच रीत झाली आहे. या पिढीला गिअरचा दांडा म्हणजे आजोबांच्या ॲम्बॅसिडरमधली वस्तू वाटली तर त्यात आश्चर्य नाही.

न्यूट्रलचा वाद

घरच्या गाडीकडे पुन्हा वळू या. क्लच नाही तर निदान गिअरचा दांडा 'डी'वरून 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलवर ढकलावा का? तसे केले की इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो, म्हणजे क्लच दाबल्यासारखेच झाले. बर्फाळ देशांतल्या शिकवणीत हा सल्ला दिला जातो. बर्फावर गाडी सावकाश घसरते, हाताला वेळ मिळतो. काही महागड्या गाड्यांत दोन्ही पाती एकदम ओढली की न्यूट्रल लागते. तिथे हात चाकावरून काढावाच लागत नाही.

पण आपल्या ओल्या महामार्गावर ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या कुटुंबाच्या गाडीत हा उद्योग करू नये, हेच बरे. गाडी घसरू लागल्यापासून पुरती फिरेपर्यंत मोजून एक-दोन सेकंद मिळतात. त्या वेळात डावा हात स्टिअरिंग सोडून दांड्याकडे गेला, तर गाडी सावरण्याचे जे एकमेव साधन उरले आहे तेच अर्धे सुटले. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला असेल तर 'डी'मध्येही इंजिनाचा जोर फारसा उरत नाही. तेव्हा न्यूट्रलने मिळते थोडे आणि जाते बरेच.

मग करायचे काय? गाडी नुसती सरकू लागली आहे की पुरती हातातून गेली आहे, हा फरक आधी ओळखावा. मागचा भाग सरकू लागला असेल तर अजून संधी आहे. ॲक्सिलरेटर अलगद सोडा, ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावू नका. जिकडे जायचे आहे तिकडे नजर ठेवा आणि स्टिअरिंग नजरेमागे जाऊ द्या. मागचा भाग उजवीकडे सरकला असेल तर चाकही उजवीकडेच फिरेल. नजर झाडावर खिळली तर गाडीही झाडाकडेच जाते, हे ट्रॅकवरचे शिक्षक दिवसातून दहादा सांगतात. गाडी सरळ होऊ लागली की स्टिअरिंग तितक्याच चपळाईने परत सरळ करायचे. इथेच बहुतेकांची फसगत होते. पहिली घसरण सावरते, पण चाक वळवलेलेच राहते आणि गाडी माशाच्या शेपटीसारखी उलट्या बाजूला सपकन जाते. ही दुसरी गिरकी पहिलीपेक्षा जोरदार असते.

पुढची चाके घसरत असतील, म्हणजे स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जात असेल, तर ते आणखी वळवण्याचा मोह आवरावा. थोडे परत आणावे, पाय अलगद उचलावा, टायरला पकड मिळू द्यावी. आपल्याकडच्या छोट्या मोटारी बहुतेक पुढच्या चाकांवर ओढल्या जातात. त्यामुळे हाच प्रकार अधिक घडतो.

आणि गाडी अर्ध्याहून अधिक फिरली, आता सावरणे नाही असे कळले, की हातांचे काम संपले. ब्रेक पूर्ण खाली, स्टिअरिंग घट्ट धरलेले, दांड्याला स्पर्श नाही. डावा पाय फरशीवर दाबून ठेवायचा. ज्यांना क्लचची सवय आहे त्यांनी तर रोजच्या साध्या प्रवासातही डावा पाय पेडलांपासून दूर ठेवण्याची शिस्त लावून घ्यावी. संकटात पाय तेच करतो जे तो रोज करतो.

गिरकी वळणाआधीच ठरते

शर्यतीतले जाणते सांगतात, की गिरकीचे कारण वळणात दिसते, पण चूक वळणाआधी झालेली असते. क्लच नसलेल्या गाडीत तिला एक जास्तीची वाट मिळते. गिअर कधी बदलायचा हे यंत्र ठरवते, आणि यंत्राला पुढचे वळण दिसत नाही!

ऐन वळणात ट्रकला मागे टाकायच्या घाईने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर गाडी एक-दोन गिअर खाली येते आणि चाकांवर एकदम जोर येतो. ओल्या रस्त्यावर टायरला तो सोसत नाही. एएमटीत उलटा प्रकारही घडतो. गिअर बदलताना क्षणभर चाकांची ओढ थांबते. आत बसलेल्यांच्या माना पुढे हलतात, त्या यामुळेच. तेवढ्या क्षणात गाडीचे वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. सरळ रस्त्यावर त्याचे काही वाटत नाही, पण वेगातल्या ओल्या वळणावर तेवढे निमित्त पुरते.

म्हणून वेग वळणाआधीच कमी करावा, आणि गाडीला 'एम' म्हणजे हाताने गिअर निवडण्याची सोय असेल तर घाटात वा वळणावळणाच्या रस्त्यावर ती वापरावी. ही सोय अनेकांच्या गाडीत असते, पण खरेदीच्या दिवसानंतर तिला कोणी हात लावत नाही. पावसात क्रूझ कंट्रोल बंदच ठेवावे. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर ते कायद्यानेही बाद आहेत. खरे तर पावसाळ्यापुरते त्याच्या कितीतरी आधी बदलावेत. एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. घरातली पाच माणसे अशा चार तळहातांवर बसून नागपूरला जात असतात.

चौथा भिडू : ईएसपी

माणसाच्या आधी गाडीनेच घसरण ओळखावी, या विचारातून १९९५ मध्ये मर्सिडीजच्या आलिशान गाडीत एक यंत्रणा आली. ती बॉश कंपनीसोबत तयार केली होती. स्टिअरिंग किती वळवले आहे आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे, याची ती सतत तुलना करते. दोन्हींत फरक पडला की नेमक्या एकाच चाकाचा ब्रेक लावून गाडीला रेषेवर आणते. चार चाकांचे ब्रेक वेगवेगळे लावणे माणसाला शक्यच नाही, त्याला पेडल एकच!

श्रीमंतांची ही चैन सामान्यांच्या गाडीत आली ती एका फजितीमुळे. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मोटारविषयक नियतकालिकाने मर्सिडीजच्या छोट्या 'ए क्लास' गाडीची परीक्षा घेतली. रस्त्यात अचानक सांबरासारखे मोठे जनावर आले तर गाडी झटकन बाजूला घेऊन पुन्हा आपल्या जागी आणायची, अशी ती परीक्षा. गाडी उलटली! जगभर बोभाटा झाला. कंपनीने विक्री काही काळ थांबवली आणि त्या छोट्या गाडीला ही यंत्रणा सरसकट बसवून दिली.

आपल्या रस्त्यांवर सांबराच्या जागी गाय असते, एवढाच फरक. नवी गाडी घेताना चकचकीत पडदा आणि छताची काच यांची चौकशी जरूर करावी, पण ही यंत्रणा त्या मॉडेलमध्ये आहे का, हेही विचारावे. कंपन्या तिला ईएसपी, ईएससी अशी वेगवेगळी नावे देतात. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचे चित्र असलेले बटण दिसले तर ते ती बंद करण्याचे बटण होय. ट्रॅकवरचे हौशी लोक ते मुद्दाम दाबतात, कारण त्यांना गाडी घसरवायचीच असते. घरच्या गाडीत ते चुकून दाबले गेलेले नाही ना, एवढे पाहावे. मुलांची बोटे कुठेही जातात.

गाडी थांबल्यावर

गिरकी संपून गाडी उभी राहिली, की पहिले काही क्षण काहीच सुचत नाही. त्यातही ब्रेक सोडू नये. गाडी अजून 'डी'मध्ये आहे आणि इंजिन चालू असेल तर पाय उचलताच ती पुढे सरकेल, मग समोर खड्डा असो की रस्त्याचा मध्य. हँडब्रेक ओढावा, चारही इशारादिवे लावावेत. दांडा 'पी'वर न्यावा. अनेक एएमटी गाड्यांत 'पी' नसतोच, तिथे 'एन' आणि हँडब्रेक. इंजिन बंद पडले असेल तर याच अवस्थेत, ब्रेक दाबून, ते पुन्हा सुरू होते. 'डी'मध्ये किल्ली फिरवत बसलात तर गाडी दाद देणार नाही, आणि ती बिघडली या समजुतीने माणसे भर रस्त्यात अडकून बसतात.

गाडी चालू झाली तर आधी ती रस्त्याच्या कडेला घ्यावी, पण तोंड उलटे असेल तर दोन्ही बाजूंची वाहतूक पाहूनच. ती चालू होत नसेल तर माणसांनी मात्र आत थांबू नये. वाहतुकीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरून, लहान मुलांना घेऊन, रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे उभे राहावे. एका गाडीने जिथे गिरकी घेतली तिथे पाणी साचलेले असते किंवा तेल सांडलेले असते, आणि मागून येणाऱ्याला ते ठाऊक नसते.